नखावरची बुरशी आणि यकृताचा हिशेब

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सगळा चार महिन्यांत. पेणला भोगावती आणि रोह्याला कुंडलिका दुथडी भरून वाहू लागली की दोन्ही गावांत सुकलेली अशी वस्तू शोधूनच काढावी लागते. दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस दमट राहतात, दुकानाच्या गादीला ओल येते, पायातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरते. जी बुरशी चपलेवर धरते तिची भावंडे माणसाच्या कातडीवरही धरतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, जांघेत व कमरेच्या नाडीखाली गजकर्ण उठते, नखे पिवळी पडून जाड होतात. भातलावणीला चिखलात उभा राहणारा शेतकरी, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणेशमूर्तींसाठी ओली माती मळणारा कारागीर, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत आठ तास रबरी बूट घालून उभा राहणारा कामगार आणि दिवसभर गल्ल्यावर बसणारा व्यापारी, या सर्वांना या बाबतीत पावसाळा समदृष्टीने वागवतो.

गजकर्णाने कोणी दगावत नाही, असे घराघरांत म्हटले जाते, आणि ते खरेही आहे. मात्र गजकर्णासाठी किंवा नखाच्या बुरशीसाठी पोटात घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे, क्वचित प्रसंगी का होईना, यकृताला गंभीर इजा झाल्याचे आणि त्यातून मृत्यूही ओढवल्याचे वैद्यकशास्त्राने नोंदवून ठेवले आहे. रोग वरवरचा आणि औषध मात्र शरीराच्या आत जाणारे, असा हा व्यवहार आहे. म्हणून तो समजून घेऊन करावा लागतो.

औषधे मोजकीच का?

जंतूंवर जितकी प्रतिजैविके बाजारात आहेत, त्या मानाने बुरशीवरील औषधे फार थोडी आहेत. त्याचे कारण बुरशीच्या घडणीत आहे. जिवाणूची पेशी मानवी पेशीहून अगदी निराळी असते. त्यामुळे तिला मारणारे आणि माणसाला न दुखवणारे द्रव्य शोधणे तुलनेने सोपे जाते. बुरशीची पेशी मात्र प्राण्यांच्या पेशीची दूरची नातेवाईक आहे. तिचे वर्मस्थान शोधताना शास्त्रज्ञांना एक मोठा फरक सापडला: मानवी पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या आवरणात त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल. हे एर्गोस्टेरॉल तयार होऊ दिले नाही की बुरशीचे आवरण कमकुवत होते आणि तिची वाढ खुंटते.

ग्रिसिओफल्विन हे या औषधांतील सर्वांत जुने. ते १९३९ मध्ये एका बुरशीतूनच वेगळे करण्यात आले आणि १९५८ नंतर गजकर्णासाठी तोंडाने दिले जाऊ लागले. ते एर्गोस्टेरॉलला हात लावत नाही; बुरशीच्या पेशीचे विभाजन थांबवते. १९८१ मध्ये अमेरिकेत किटोकोनॅझोलच्या गोळीला परवानगी मिळाली, १९९२ मध्ये इट्राकोनॅझोल आले आणि १९९६ मध्ये टर्बिनाफिनची गोळी आली. युरोपात ती त्याआधीच मिळू लागली होती. फ्लुकोनॅझोल हे याच काळातील चौथे नाव. आज पेण किंवा रोह्याच्या त्वचारोगतज्ज्ञाने लिहिलेल्या चिठ्ठीत बहुधा इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन यांपैकी एक नाव असते.

ज्यांच्या नावाच्या शेवटी 'कोनॅझोल' येते ती औषधे एर्गोस्टेरॉल बनवणाऱ्या ज्या विकराला अडवतात, तो विकर सायटोक्रोम पी-४५० या मोठ्या कुळातला आहे. याच कुळातील अनेक विकर माणसाच्या यकृतात काम करत असतात. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांवरची औषधे शरीरातून बाहेर काढण्यापूर्वी त्यांचे रूपांतर करण्याचे काम त्यांच्याकडे असते. बुरशीच्या विकराला मारलेला दगड यकृतातील विकरांनाही थोडाफार लागतो, आणि पुढच्या बऱ्याच गुंतागुंतीचे मूळ येथे आहे.

यकृताला इजा होते ती कशी?

पोटात गेलेले प्रत्येक औषध आतड्यातून शोषले गेले की प्रथम यकृताकडे येते. तेथे त्याची मोडतोड होते आणि उरलेले भाग पित्तावाटे किंवा लघवीवाटे बाहेर टाकले जातात. या मोडतोडीत कधी कधी मूळ औषधापेक्षा अधिक दाहक असा एखादा मधला पदार्थ तयार होतो. टर्बिनाफिनच्या बाबतीत असा एक पदार्थ पित्तनलिकांपर्यंत पोचून तेथे इजा करत असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे. बहुसंख्य माणसांचे यकृत त्याचा निचरा बिनबोभाट करते. काही थोड्या जणांच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा मात्र त्याला शत्रू समजते आणि त्या धुमश्चक्रीत स्वतःच्याच यकृतपेशींचा नाश करते.

या इजेचे वैशिष्ट्य असे की ती बहुतेक वेळा मात्रेवर अवलंबून नसते. पॅरासिटॅमॉलचे तसे नाही. ते ठरावीक मर्यादेपलीकडे घेतले तर कोणाच्याही यकृताला धोका पोचतो. बुरशीच्या गोळ्यांमुळे होणारी इजा व्यक्तिविशिष्ट असते. एकच गोळी, एकच मात्रा, एकाच घरातील दोघे भाऊ. एकाला काहीही होत नाही आणि दुसऱ्याला चौथ्या आठवड्यात कावीळ होते. टर्बिनाफिनमुळे इजा झालेल्यांत एचएलए-ए ३३:०१ हा आनुवंशिक गुण अधिक प्रमाणात आढळल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. परंतु गोळी देण्यापूर्वी प्रत्येकाची अशी जनुकीय चाचणी करण्याची पद्धत नाही. म्हणून 'शेजाऱ्याला लागू पडली, मलाही पडेल' हा युक्तिवाद या औषधांना गैरलागू आहे.

जोखमीचे माप

व्यापारात जोखीम नाकारली जात नाही, मोजली जाते. येथेही तेच करावे. टर्बिनाफिनमुळे लक्षणे दिसण्याइतकी यकृताची इजा होण्याचे प्रमाण सुमारे ५०,००० ते १,२०,००० चिठ्ठ्यांमागे एक असे मानले जाते. म्हणजे पेण किंवा रोहा शहराच्या लोकसंख्येहून मोठ्या जनसमुदायाने ही गोळी घेतली, तर त्यात एखाद्याला असा त्रास होईल. इट्राकोनॅझोल घेणाऱ्यांपैकी १ ते ५ टक्के जणांच्या रक्तात यकृताचे विकर किंचित वाढलेले दिसतात. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही आणि गंभीर इजा विरळाच होते. किटोकोनॅझोलच्या गोळीचा लौकिक मात्र वेगळा आहे. तिच्यामुळे ठळक इजा होण्याचे प्रमाण २,००० ते १५,००० जणांमागे एक इतके सांगितले जाते.

याच कारणासाठी २६ जुलै २०१३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने किटोकोनॅझोलच्या गोळ्यांवर कडक निर्बंध घातले. त्वचा किंवा नखे यांच्या बुरशीसाठी ही गोळी वापरू नये, जीवघेण्या अंतर्गत बुरशीसंसर्गात दुसरा उपाय नसेल तरच द्यावी, असे त्यांनी सांगितले. त्याच सुमारास युरोपीय औषध संस्थेने बुरशीसाठीच्या या गोळ्यांची विक्री थांबवण्याची शिफारस केली. तरीही मे २०१६ मध्ये अमेरिकी प्रशासनाला पुन्हा इशारा द्यावा लागला. निर्बंधांनंतरही नखाच्या बुरशीसाठी ही गोळी लिहिली गेली होती आणि एका रुग्णाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याची नोंद त्यांच्याकडे आली होती. किटोकोनॅझोलचा शाम्पू किंवा मलम यांना मात्र हा इशारा लागू नाही. कातडीवाटे ते रक्तात नगण्य प्रमाणात जाते.

भारतातील चित्रही नोंदलेले आहे. औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या १,२८८ रुग्णांची माहिती देशभरातील रुग्णालयांनी २०१३ ते २०१८ या काळात एकत्र केली. त्यात सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४६ टक्के, क्षयरोगावरील औषधांचा होता. वनौषधी व अन्य पर्यायी औषधांचा वाटा सुमारे १४ टक्के आणि क्षयरोगेतर जंतुरोधक औषधांचा साडेसहा टक्के होता. एकूण रुग्णांपैकी सुमारे १२ टक्के दगावले. बुरशीची गोळी या यादीत वरच्या क्रमांकावर नाही, हे दिलासा देणारे आहे. ज्यांना इजा झाली त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण मात्र सावध करणारे आहे. जोखीम वारंवार येत नाही, पण आली तर मोठी असते. विम्याचा हप्ता अशाच जोखमीसाठी भरला जातो.

चिवट झालेले गजकर्ण

मग आजच या विषयाची चर्चा का? कारण गेल्या दशकभरात भारतातील गजकर्णाचे स्वरूप बदलले. पूर्वी दोन आठवडे मलम लावून जाणारा नायटा आता महिनोन्महिने हटत नाही, एकाकडून सबंध घरात पसरतो आणि औषध थांबवताच परततो. देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेला या चिवट गजकर्णासाठी स्वतंत्र कृतिगट नेमावा लागला. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत व नेपाळमधील रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. तिच्या अनेक वाणांत असा जनुकीय बदल आढळतो, की टर्बिनाफिन ज्या विकराला अडवते त्या विकरावर त्याचा परिणामच होत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे दोन रुग्ण नोंदले गेले.

या चिवटपणाला वैद्यक मंडळी अनेक कारणे देतात. त्यात ठळक कारण स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचे. बुरशीनाशक, जिवाणूनाशक आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेले मलम लावले की खाज दोन दिवसांत थांबते. रुग्णाला वाटते रोग बरा झाला. वास्तविक स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि बुरशी आतल्या आत फोफावत असते. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये स्टेरॉइडयुक्त मलमांना चिठ्ठीविना विक्रीची असलेली सवलत काढून घेतली ती याच पार्श्वभूमीवर. कायदा बदलला, सवय मात्र पूर्णपणे बदललेली नाही.

आता साखळी जोडून पाहावी. पन्नास रुपयांचे मलम चुकीचे लागले, गजकर्ण चिवट झाले, मलमाने भागेनासे झाले, म्हणून पोटातल्या गोळ्या आल्या. पूर्वी दोन ते चार आठवडे पुरणाऱ्या गोळ्या आता सहा-आठ आठवडे, काही वेळा त्याहूनही अधिक काळ द्याव्या लागतात. नखाच्या बुरशीसाठी तर टर्बिनाफिनची रोजची २५० मिलिग्रॅमची गोळी हाताच्या नखांना सहा आणि पायाच्या नखांना बारा आठवडे घेण्याची रूढ पद्धत आहे. टर्बिनाफिनमुळे होणारी यकृताची इजा बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत प्रकट होते. दोन आठवड्यांत औषध संपवणारा रुग्ण तो काळ ओलांडतच नव्हता; आता तो पूर्ण ओलांडावा लागतो.

आरंभीची शिल्लक

दिवाळीला नवी वही उघडताना पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक लिहिली जाते. ती लिहिली नाही तर वर्षअखेर नफा-तोटा सांगता येत नाही. यकृताच्या बाबतीत आरंभीची शिल्लक म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्ट. पेण-रोह्यातील साध्या प्रयोगशाळेतही होणारी ही रक्ततपासणी. तिच्यात एसजीपीटी व एसजीओटी हे विकर, बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज पाहिले जातात. टर्बिनाफिनची गोळी सुरू करण्यापूर्वी यकृताचे विकर तपासावेत, असे त्या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच सांगितलेले आहे. दीर्घ काळ उपचार असेल तर साधारण चार ते सहा आठवड्यांनी ती पुन्हा करावी की नाही, हे डॉक्टर रुग्णाचे वय व इतर आजार पाहून ठरवतात.

अहवाल वाचताना दोन्ही टोके टाळावीत. एसजीपीटी चाळीसच्या जागी बावन्न आला म्हणून घाबरून औषध सोडण्याचे कारण नसते. बैठ्या व्यवसायातील अनेकांना यकृतात चरबी साठल्यामुळे तो आधीपासूनच थोडा वाढलेला असतो. आरंभीची शिल्लक हाती नसेल तर ही वाढ चरबीची की गोळीची, हे कोणालाच सांगता येत नाही. सर्वसाधारण संकेत असा, की लक्षणे नसताना विकर मर्यादेच्या पाच पटींपेक्षा वाढले, किंवा लक्षणांसह तीन पटींपेक्षा वाढले, तर औषध थांबवले जाते. विकर वाढलेले आणि त्यातच कावीळ, हा संयोग सर्वांत वाईट. अमेरिकी यकृततज्ज्ञ हायमन झिमरमन यांनी दाखवून दिले, की औषधाने यकृतपेशींना इजा होऊन कावीळ झालेल्या रुग्णांपैकी सुमारे दहा टक्के दगावतात किंवा त्यांना यकृतरोपण करावे लागते.

ज्यांना आधीच यकृताचा जुनाट विकार आहे, हिपॅटायटिस बी किंवा सीचा संसर्ग आहे, जे मद्यपान करतात, त्यांना पोटातील टर्बिनाफिन सहसा देत नाहीत. गर्भवती स्त्रियांना या गोळ्या टाळतात. आणखी एक तपासणी त्याहूनही आधीची: रोग खरोखर बुरशीचाच आहे का? खराब झालेल्या नखांपैकी सुमारे निम्म्याच नखांचे कारण बुरशी असते. उरलेल्यांत सोरायसिस, चपलेचा दाब, जुनी इजा अशी कारणे निघतात. नखाचा कीस घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची चाचणी स्वस्त आहे. बुरशीच नसेल तर बारा आठवड्यांची गोळी म्हणजे माल न घेताच भरलेले बिल.

इतर गोळ्यांशी हितसंबंध

पन्नाशी ओलांडलेल्या व्यापाऱ्याच्या खणात सहसा दोन-चार पट्ट्या असतातच. इट्राकोनॅझोल यकृतातील विकर अडवून ठेवत असल्याने कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिनसारखी गोळी शरीरातून वेळेवर बाहेर पडत नाही. तिचे प्रमाण वाढून स्नायूंना इजा होऊ शकते. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाला नखाच्या बुरशीसाठी इट्राकोनॅझोल देऊ नये, असा स्पष्ट इशारा आहे. फ्लुकोनॅझोलमुळे मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा जोर वाढून साखर एकाएकी उतरू शकते, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणामही वाढतो. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्यावी. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलचे शोषण घटते, हेही सांगायचे राहून जाते आणि मग औषध लागू पडत नाही असा समज होतो.

तप, आहार आणि औषध

योगायोग असा, की गजकर्णाचा हंगाम आणि चातुर्मास एकच. घरातील कोणी अठ्ठाई करत असते, कोणी आयंबिल, कोणी वर्षीतप. चौविहार तर अनेकांचा बारमाही. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असतेच असे नाही. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल भरपेट जेवणानंतर घ्यायची असते. उपवासात ती नीट शोषली जात नाही. ग्रिसिओफल्विनला स्निग्ध आहाराची जोड लागते. तूप, तेल, दूध वर्ज्य असलेल्या आयंबिलात ते बरेचसे वाया जाते. टर्बिनाफिनला जेवणाचे असे बंधन नाही. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर घेतली तर चौविहाराला बाध येत नाही. गजकर्ण हा तातडीचा रोग नाही. दीर्घ तप सुरू असेल तर पारणे झाल्यावर गोळ्या सुरू करण्याचा पर्याय डॉक्टरांपुढे मांडता येतो. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून काही घरांत ती फोडून आतले दाणे घेतले जातात. दाणे चुरडले वा चावले गेले तर औषधाची रचनाच बिघडते. अशा वेळी आवरण नसलेली गोळी मिळेल का, हे विचारणे अधिक योग्य.

आणखी एक गोष्ट तपस्व्यांच्या घरांनी लक्षात ठेवण्यासारखी. गिल्बर्ट नावाची एक निरुपद्रवी जन्मजात प्रवृत्ती बऱ्याच जणांत असते. अशा व्यक्तीने उपवास केला की बिलिरुबिन थोडे वाढते आणि डोळे पिवळसर दिसतात. एसजीपीटी मात्र नेहमीसारखाच असतो. उपवासाच्या काळात गोळी सुरू असताना डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून रक्त तपासावे. अहवालावरून गिल्बर्ट आणि गोळीची इजा यांतला फरक कळतो. नुसत्या डोळ्यांच्या रंगावरून तो कळत नाही.

खुणा आणि वेळ

यकृत दुखून हाक मारत नाही. त्याची भाषा निराळी असते: अन्नावरची वासना उडणे, मळमळ, कारण नसताना आलेला थकवा, अंगाला पुरळाविना खाज, उजव्या बरगडीखाली जडपणा, गडद चहासारखी लघवी, मातकट पांढुरका शौच आणि शेवटी डोळे पिवळे होणे. टर्बिनाफिनमुळे काहींची चवही जाते. ती यकृताची खूण नव्हे, तरी डॉक्टरांना सांगावी. यांपैकी लघवी गडद होणे, भूक मरणे किंवा डोळे पिवळे होणे दिसताच गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना भेटावे. वेळीच थांबवल्यास बहुतेकांचे यकृत काही आठवड्यांत ते तीन-सहा महिन्यांत पूर्ववत होते. यकृताला स्वतःची झीज भरून काढण्याची मोठी शक्ती आहे. ती शक्ती वापरण्याची सवड मात्र त्याला मिळाली पाहिजे.

ही सवड गावाकडे अनेकदा एका जुन्या समजुतीपायी हरवते. कावीळ म्हटली की चुन्याच्या पाण्याने हात धुऊन ती उतरवणारा, गळ्यात माळ घालणारा किंवा झाडपाल्याचा रस देणारा आठवतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ पुष्कळदा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. औषधाने झालेल्या काविळीत रुग्ण माळ घालतो, रस पितो आणि गजकर्णाची गोळीही सुरूच ठेवतो, कारण त्या दोहोंचा संबंध कोणी जोडलेलाच नसतो. झाडपाला म्हणजे निर्धोक, हेही गृहीत धरू नये. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील डॉक्टरांना गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले आणि त्यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, तो वाद स्वतंत्र आहे. परंतु बुरशीच्या गोळ्या सुरू असताना कोणताही काढा डॉक्टरांना न सांगता घेऊ नये, एवढा बोध त्यातून निर्विवाद निघतो.

पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालये आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे आणि मुंबईतील यकृततज्ज्ञांपर्यंत पोचणे आज पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. कावीळ झालेल्या रुग्णाला गुंगी येऊ लागली, तो असंबद्ध बोलू लागला किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर उद्यावर ढकलू नये.

गल्ल्याच्या दोन्ही बाजू

औषधविक्रीच्या व्यवसायात असलेली कुटुंबे या वाचकवर्गात अनेक आहेत. पावसाळ्यात गिऱ्हाईक काउंटरवर येते, जांघेतली खाज खालच्या आवाजात सांगते आणि 'काहीतरी जोरदार द्या' म्हणते. डॉक्टरांची फी वाचवण्याची त्याची इच्छा समजण्यासारखी असते. परंतु पोटात घ्यायच्या या गोळ्या चिठ्ठीवरच द्यायच्या आहेत, आणि त्या नियमामागे यकृताचा प्रश्न आहे. चिठ्ठीविना दिलेल्या गोळीबरोबर रक्ततपासणी होत नाही, आधीचे आजार विचारले जात नाहीत, इतर औषधे पाहिली जात नाहीत. एका पट्टीवरील नफा आणि एका अनोळखी माणसाचे यकृत यांचा ताळेबंद मांडण्याची गरज जैन घरात वाढलेल्या व्यापाऱ्याला भासू नये. गिऱ्हाईक परत पाठवताना साधे बुरशीनाशक मलम, कोरडेपणाचा सल्ला आणि त्वचारोगतज्ज्ञाचा पत्ता देता येतो. असे गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येते, हाही अनुभव व्यवसायात जुना आहे.

औषधाने अपाय झाल्याची शंका असेल तर ती नोंदवण्याची सोय देशात आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टर, औषधविक्रेते आणि स्वतः रुग्णही तक्रार कळवू शकतात. किटोकोनॅझोलवरचे निर्बंध आले ते अशाच एकेका नोंदीतून. छोट्या गावातून गेलेली नोंदही मोजली जाते.

अखेरीस, सर्वांत सुरक्षित गोळी म्हणजे जी घ्यावीच लागली नाही ती. पावसाळ्यात सुती, सैल आणि पूर्ण सुकलेले कपडे. शक्य तेथे आतल्या कपड्यांना इस्त्री. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या व जांघा कोरड्या टिपणे. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. पूजेची वस्त्रे ओलसर असताना अंगावर घेऊ नयेत, आणि जेथे देरासरात सामायिक वस्त्रे ठेवलेली असतात तेथे ती रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात वा पंख्याखाली पूर्ण वाळवावीत. घरात एकाला गजकर्ण असेल तर सर्वांची तपासणी एकदमच करावी, नाहीतर ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळते होत राहते. आणि गोळी घ्यावी लागलीच, तर घरातील प्रत्येकाच्या नावाची एक फाईल असावी: चिठ्ठी, गोळी सुरू केल्याची तारीख, सुरुवातीचा रक्ताचा अहवाल आणि नंतरचा. चार कागदांची ही फाईल डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली की निम्मे निदान तेथेच होते.